दारव्ह्याच्या रस्त्याने नांदेड

लग्न असो, ईद असो, नागपूरहून नांदेडला निघालेली आपली मंडळी यवतमाळ जिल्हा सरळ कापून जातात. वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, की आलेच नांदेड. गाडी थांबलीच तर आर्णीला, कंबलपोश बाबांच्या दर्ग्यापाशी. घरी पोहोचल्यावर कोणी विचारले, यवतमाळ कसे आहे? तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपलीकडे काही सांगता येत नाही, आणि तेही वर्तमानपत्रात वाचलेले. जिथल्या कापसाचे कपडे आपण अंगावर घालतो, त्या जिल्ह्याची ओळख मरणाच्या बातम्यांपुरती उरावी, हे आम्हाला फार दिवसांपासून खटकते.

म्हणून घाई नसेल त्या दिवशी यवतमाळला हमरस्ता सोडा आणि दारव्हा, दिग्रस, पुसद करीत उमरखेडला निघा. वेळ जास्त लागेल. लागू द्या.

दारव्ह्यापर्यंत याच बाजूने शकुंतला धावायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अरुंद रुळांची. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोहोचवायचा म्हणून इंग्रजी कंपनीने ती टाकली. वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ साली घडवलेले. ते एप्रिल १९९४ पर्यंत राबले, मग डिझेल आले. देश स्वतंत्र झाला तरी या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली! आता गाडी बंद आहे. एसटीपेक्षा तिचे तिकीट स्वस्त असे. आठवणी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा बाजाराला आणि मजुरीला जाणाऱ्या बायकांना तिची उणीव जास्त जाणवत असणार. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रेल्वेमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदवरूनच जायचा आहे. त्यातला वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

दिवाळीच्या आसपास गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसेल. कमरेला कापडाची झोळी बांधून बायका वेचणी करत असतात; मजुरी किलोवर मिळते. मुलांच्या हातातला मोबाइल घटकाभर बाजूला ठेवायला लावा आणि त्यांना हे दाखवा. ईदच्या सुती कुर्त्याची सुरुवात इथून होते. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारावे, आणि शेतात शिरू नये.

दिग्रस सोडले की सपाटी संपते. डोंगर, साग, अधूनमधून बंजारा तांडे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि पुढे सुधाकरराव नाईकही याच पुसदचे. दोन मुख्यमंत्री देणाऱ्या गावाकडे प्रवासी म्हणून कोणी फिरकत नाही, याचे नवल वाटते.

एक अडचण स्पष्ट सांगतो. या रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय वाटेत सहज सापडत नाही. वुझू, नमाज, जेवण, सारे दारव्हा, दिग्रस किंवा पुसद या मोठ्या गावांतच उरकावे. तिन्ही ठिकाणी मशिदी आहेत. डोंगराचा रस्ता मगरिबच्या आत पार करावा.

दिवस शिल्लक असेल तर उमरखेडवरून सहस्रकुंडाला वळा. पैनगंगा तिथे काळ्या खडकांवरून खाली कोसळते. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड. पाणी पाहायचे तर पावसाळ्यात किंवा तो सरता सरता. खडक निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका. पुढे हिमायतनगर, भोकर करीत नांदेड गाठता येते.