उभ्या गाडीचा विमा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सकाळी दहाच्या सुमारास डोकावून पाहावे. मंडळी कचेरीला गेलेली असतात, आणि त्यांच्या मोटारी मात्र कापडी आच्छादनाखाली जागच्या जागी उभ्या असतात. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली; दहिसरकडून अंधेरीला येणारे दोन मार्ग २०२२ व २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने खुले झाले; आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग सलग झाला. लोकल तर होतीच. ज्याला द्रुतगती मार्गावर तासभर खोळंबण्याचा कंटाळा आला, त्याने गाडी घरी ठेवली. लग्नकार्य, इस्पितळ, विमानतळ आणि मे महिन्यात गावची एक खेप एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. वर्षअखेर मीटरचा आकडा तीन-चार हजारांनीही पुढे सरकलेला नसतो, अशी कुटुंबे आमच्या परिचयात थोडी नाहीत.

मात्र विम्याच्या नूतनीकरणाचे पत्र येते तेव्हा या संयमाची दखल त्यात कोठेही आढळत नाही. ती का आढळत नाही, हे हप्ता कसा बेतला जातो ते पाहिले म्हणजे कळते. त्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थ पक्षाच्या नुकसानभरपाईचा. तो कायद्याने सक्तीचा असून त्याचे दर केंद्र सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे एक हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत ३,४१६ आणि त्यावरील मोटारीस ७,८९७ रुपये असा हा वार्षिक आकार आहे. म्हणजे रोज बोरिवलीहून नरिमन पॉइंटला जाऊन येणाऱ्या लहान गाडीने दोन हजार द्यावयाचे, आणि महिन्यातून दोनदा देवदर्शनास निघणाऱ्या पेन्शनरांच्या जुन्या मोठ्या गाडीने जवळजवळ आठ हजार! इंजिनाचा आकार मोजला जातो. रस्त्यावर ती गाडी किती वेळ होती, हे कोणी विचारीत नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीची किंमत, तिचे वय आणि नोंदणीचे शहर पाहून आकारण्याची प्रथा आहे. त्यातही किलोमीटरला स्थान नव्हते. वर या सर्वांवर अठरा टक्के जीएसटी.

विमा कंपन्यांची बाजू आम्ही नाकारीत नाही. उभ्या गाडीलाही धोका असतोच, आणि हे उपनगरवासीयांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ज्या मोटारी बुडाल्या त्यांतील कितीतरी आपापल्या आवारातच उभ्या होत्या. चोरी आहे, आग आहे, वादळात कोसळणारे झाड आहे. तेव्हा हप्त्याचा हा अंश गाडी चालो वा न चालो, भरावा लागणे न्याय्यच आहे. परंतु टकरीचा धोका? आच्छादनाखालची गाडी पादचाऱ्याच्या अंगावर जात नाही. जी जोखीम केवळ चाक फिरल्यानेच निर्माण होते, तिचे मोल चाकाच्या फेऱ्यांशी निगडित असू नये, हा कोठला न्याय?

आणि ही कल्पना आपल्याकडे अपरिचित होती असेही नाही. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात, सलग दोन महिने वा अधिक काळ बंद ठेवलेल्या गाडीसाठी आग व चोरी यांपुरते संरक्षण चालू ठेवून उरलेल्या हप्त्यात सवलत देण्याची सोय होती. विमा विकणाऱ्याने ती आपणहून सांगितल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी आली आणि साऱ्या मुंबईच्या मोटारी सक्तीने जागच्या जागी उभ्या राहिल्या. अमेरिकेत ऑलस्टेटसारख्या कंपन्यांनी त्या एप्रिलमध्ये हप्त्याचा काही भाग ग्राहकांना परत केला. ब्रिटनमध्ये अॅडमिरल कंपनीने प्रत्येक गाडीमागे पंचवीस पौंड परत दिले. आपल्याकडे नूतनीकरणाची मुदत वाढविण्यात आली, आणि पुढे दोन वर्षे त्रयस्थ विम्याचे दरही वाढविले गेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे पैसे न चाललेल्या प्रवासासाठी आधीच घेतले होते, ते परत करण्याची सरसकट व्यवस्था झाली नाही.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ‘चालवाल तितके भरा’ या स्वरूपाच्या योजनांना परवानगी दिली. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो, पण त्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एक तर ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरतीच आहे. सक्तीच्या भागाला ती शिवत नाही. शिवाय ती आपसूक मिळत नाही, ग्राहकाने मागून घ्यावी लागते. किलोमीटरची मर्यादा आधी कबूल करावयाची आणि ती ओलांडली तर जादा पैसे भरून वाढवून घ्यावयाची, हेही पुष्कळांच्या ध्यानात अपघातानंतरच येण्याचा संभव आहे. काही योजनांत तर गाडीत यंत्र बसवून तिच्या हालचालींची नोंद ठेवली जाते. गाडी किती चालली हे विमा कंपनीला कळावे, हे ठीक. ती कोणत्या रात्री कोणाच्या दाराशी उभी होती, हे कळण्याचे तिला काय कारण? त्यासाठी मीटरचा आकडा पुरे. पीयूसी प्रमाणपत्रासाठी वर्षातून एकदा तरी गाडी न्यावीच लागते. तेथेच तो आकडा नोंदवून घेता येईल. मीटर मागे फिरविणारे महाभाग आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु दरवर्षीच्या नोंदींची मालिका असली म्हणजे अशी लबाडी लपविणे अवघड होते, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याचेही त्यात भले होईल.

खरा प्रश्न सक्तीच्या भागाचा आहे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुढे १९९६ मध्ये ज्यांना मिळाले ते विल्यम विक्री यांनी १९६८ मध्येच हे मांडले होते, की विम्याचा आकार ठोक असला म्हणजे जादा मैल चालविणाऱ्याला त्या जादा धोक्याची झळ लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत रस्ते-अपघातातील जखमींच्या भरपाईचा निधी इंधनावरील आकारातून उभा राहतो. विजेवरच्या गाड्या त्यातून निसटतील, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या वस्तीपर्यंत मेट्रो पोचलेली नाही त्यांच्यावर किलोमीटरचा बोजा पडेल, हा आक्षेपही पोकळ नाही. म्हणूनच हप्ता सर्वस्वी अंतरावर न ठेवता, एक स्थिर अंश आणि एक चालण्याप्रमाणे बदलणारा अंश, अशी विभागणी करावी.

हे लवकर व्हावे असे आम्हाला वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे सरकारी आकडेच सांगतात. त्यांत दुचाकींचा भरणा मोठा असला, तरी ‘गाडी उभीच असते, मग विमा कशाला?’ असे म्हणणारे सुशिक्षित मोटारमालकही आहेत. नव्वद दिवस उलटले की वर्षानुवर्षे साठविलेला नो क्लेम बोनस जातो, आणि विम्याविना गाडी काढल्यास पहिल्या खेपेस दोन हजारांचा दंड आहे. तरी हप्त्याचा आकडा पाहून मोह होतो. आणि मग एखाद्या रविवारी तीच गाडी बाहेर निघते आणि कोणाला तरी धडक देते. विम्याची सक्ती कायद्याने केली ती त्या जखमी माणसासाठी, आणि अशा वेळी त्याने भरपाई मागावयाची ती कोणाकडे? वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हप्ता तिच्या वापराच्या मानाने आला, तर तो भरण्यास फारसे कोणी कुचरणार नाही. त्रयस्थ विम्याचे दर पुन्हा ठरतील तेव्हा इंजिनाच्या सीसीशेजारी किलोमीटरचाही एक रकाना केंद्र सरकारने घालावा. आणि तोपर्यंत नूतनीकरणाच्या प्रत्येक पत्रावर, कमी चालणाऱ्या गाडीस काय सवलत मिळू शकते ते ठळक मराठीत छापणे नियामकाने कंपन्यांवर बंधनकारक करावे.