व्यायामाने चाळिशी जाईल?

सोलापुरात चादरीच्या मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारणारा विणकर चाळिशीनंतर धागा लांब धरून पाहू लागतो. कोणीतरी त्याला डोळ्यांचे व्यायाम सुचवतो. (खूळ जुनेच, अमेरिकेतील डॉ. बेट्स यांनी १९२० साली त्यावर पुस्तक लिहिले!) माझ्या मते यात चष्मा लांबतो आणि कापडात खोट राहते. जवळचे पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावून नेत्रभिंग फुगते. वयाने ते भिंगच ताठर होते. स्नायू बळकट करून काय उपयोग? दोन्ही डोळे नाकाकडे नीट वळत नसतील, तर मात्र डॉक्टरी देखरेखीखाली असा सराव गुणकारी ठरतो.

बारीक अक्षरे डोळ्याजवळ आणा. पुसट होतील ते अंतर मोजा. डोळे निरोगी असतील, तर तुमचे साधारण ८-९ सेंमी. भरेल, पंचेचाळिशीतल्या वडिलांचे २५ सेंमी.च्याही पुढे.