ओले सरपण म्हणजे पैशाचा धूर

घरोघरी गॅस आला, तरी सरपणाची गरज संपलेली नाही. हैदराबादेतच पाहा. लग्नाची बिर्याणी मोठ्या देगांत लाकडावर शिजते. रमजानमध्ये हलीमच्या विटांच्या भट्ट्या लाकडावर पेटतात. शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत आंघोळीचे पाणी अजूनही चुलीवर किंवा बंबात तापते. गॅसचा सिलिंडर स्वयंपाकासाठी राखून ठेवायचा आणि पाणी लाकडावर तापवायचे, असा हिशेब अनेक कुटुंबे करतात. हिशेब चुकीचा नाही. चूक होते ती लाकूड घेण्यात आणि ठेवण्यात.

आपल्याकडे सरपण बहुधा पावसाच्या तोंडावर, घाईने आणि वजनावर घेतले जाते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे १०० किलो ओले लाकूड घेणारा सुमारे ५० किलो पाण्याचेही पैसे मोजतो. पुढे हे पाणी आगीतच उकळून वाफ होऊन जावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एक किलो पूर्ण कोरड्या लाकडापासून सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी मिळतात. गणित केले तर उरलेल्या ५० किलो लाकडातले सुमारे सात किलो केवळ त्यातलेच पाणी घालविण्यात खर्ची पडते.

खरे नुकसान याहूनही मोठे आहे. पाण्यामुळे आग थंड राहते आणि लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत. तेच धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले सरपण. तो भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतो, धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि उरलेला फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत जातो. सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी म्हण आहे. चुलीत मात्र उलट घडते: ओल्यापायी सुक्याचीही ऊब वाया जाते.

धुराला आपण फार दिवस घरातली किरकोळ गैरसोय मानत आलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांना होणारा न्यूमोनिया, स्त्रियांचा जुनाट खोकला व दम, हृदयविकार या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

या प्रश्नाशी हैदराबादचे जुने नाते आहे. येथील इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तकही लिहिले. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ निघाली होती. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. लाखो चुली बसल्या, पण पुष्कळ ठिकाणी धुराडी साफ झाली नाहीत, चुली फुटल्या आणि लोक जुन्या चुलीकडे परतले. माझ्या मते या सर्व खटपटीत चुलीचा जितका विचार झाला तितका सरपणाचा झाला नाही. उत्तम चुलीतही ओले लाकूड धूर करणारच. चूल बदलण्यास पैसा लागतो. लाकूड वाळविण्यास लागतात ते ऊन, वारा आणि थोडी दूरदृष्टी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी दख्खनच्या पठारावर फुकट मिळतात.

फिनलंडमध्ये वाफेच्या स्नानगृहाला सौना म्हणतात. त्याची भट्टी पेटविण्यासाठी तेथले लोक हिवाळ्यात झाड तोडतात, वसंतात फोडतात आणि उन्हाळाभर वाळवितात. त्यांचा उन्हाळा थोडक्या दिवसांचा व सौम्य. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत रखरखीत ऊन असते, तरी आपण ओले लाकूड जाळतो, याला काय म्हणावे?

तेव्हा संक्रांत झाली की सरपण घ्यावे. बाभूळ, चिंच, कडुनिंब ही जड लाकडे सावकाश जळतात व चांगला निखारा धरतात. निलगिरी भडकन पेटते व लवकर संपते. पडीक जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ, जिला तेलुगू शेजारी सर्कार तुम्मा म्हणतात, ती उत्तम जळण आहे. तिचे काटे मात्र सांभाळावेत. कण्हेरीचे लाकूड कधीही जाळू नये, तिचा धूर विषारी असतो. रंग दिलेली फळकुटे व प्लायवूड जाळू नये, आणि आग पेटविण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा मुळीच वापरू नये. त्यासाठी तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाच्या शेंड्या पुरेशा आहेत.

लाकूड आणताच हातभर लांबीचे तुकडे करावेत आणि ते मनगटाएवढे जाड राहतील असे फोडावेत. साल पाणी धरून ठेवते, म्हणून न फोडलेला ओंडका वर्षभरातही आतून वाळत नाही. फोडलेले लाकूड आपल्या उन्हात तीन-चार महिन्यांत तयार होते. थप्पी जमिनीवर न लावता विटांवर आडवे वासे टाकून त्यांवर लावावी, म्हणजे ओल व वाळवी लागत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. तुकड्यांमधून वारा खेळला पाहिजे. मृगाच्या आधी वरून पत्रा टाकावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. चोहोबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळलेली थप्पी आतून घामेजते व बुरसते. फक्त नैर्ऋत्येकडून, जिकडून पाऊस येतो, तिकडून आडोसा करावा. काढताना काठीने हलवून घ्यावे, कारण विंचू व सापांनाही अशी जागा आवडते.

वाळले की नाही, हे पाहणे सोपे आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणकन आवाज यावा. ओले लाकूड थप्प वाजते. टोकांना चिरा पडलेल्या असाव्यात. अधिक खात्री हवी असल्यास एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्यास तोलावा. वजन घटणे थांबले की लाकूड तयार झाले.

कोणी म्हणतील, एकदम सरपण घेण्यास पैसा नाही आणि ठेवण्यास जागा नाही. अडचण खरी आहे. म्हणूनच चार-पाच घरांनी मिळून एक गाडी घ्यावी व एकाच आवारात थप्पी लावावी. देवळाच्या सणाच्या जेवणासाठी लागणारे लाकूडही असेच आधी घेऊन ठेवता येईल. आचाऱ्याचे डोळे वाचतील आणि खर्चही कमी होईल.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कोरडे लाकूडही पूर्ण निर्धोक नसते. बंब, चूल किंवा निखाऱ्याची शेगडी बंद न्हाणीघरात कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व तो दिसत नाही. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे आहेत. अशा माणसास तत्काळ मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. बंबाची जागा अंगणात किंवा उघड्या पडवीतच.

ज्यांना परवडते त्यांनी स्वयंपाक गॅसवर करावा आणि गच्चीवर सौर बंब बसवावा, हे उत्तमच. पण ज्या घरात उद्याही लाकूडच जळणार आहे, तेथील माउलीला निदान कोरडे लाकूड मिळावे. धूर सोसणे हे तिच्या नशिबात लिहिलेले नाही. ते आपल्या आळसामुळे तिच्या वाट्याला येते.