शेकडेवारी आणि सवलतीची पाटी

चवथ जवळ आली की मुळगावचे गृहस्थ डिचोलीच्या बाजारात उतरतात. तेथे '५० टक्के, वर आणखी २० टक्के सूट' अशी पाटी दिसली, तर तिचा अर्थ ७० टक्के नव्हे. १००० चे ५००, ५०० चे ४००. सूट ६० टक्केच. शिवाय छापील कमाल किमतीत सर्व कर अंतर्भूतच असतात. तेव्हा या ४०० वर पुन्हा ५ टक्के, म्हणजे २० रुपये, कर मागणे हा उघड अन्याय होय. व्हॅटच्या काळातील अशाच प्रकरणी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली तसा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. शाळेत घोकलेली शेकडेवारी ग्राहकाने दुकानात विसरू नये, एवढेच आमचे सांगणे. पावती मागावी, हिशेब ताडावा, मगच पैसे मोजावेत.