कडवे वाल आणि सुधारित बियाणं

दिवाळी झाली की मुरबाडहून धाकट्या भावाचा फोन ठरलेला. भात कापून झालं, आता अंगओलीवर वाल टाकतो, एवढंच सांगतो. यंदा म्हणाला, "आक्का, आईचं बियाणं बंद. सुधारित आणतोय." मला रागच आला. शहापुरात गॅलरीत बसून रागवायला काय जातं म्हणा!

त्याचं चूक नव्हतं. दोन वर्षं शेत पिवळं पडतंय. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, झाड खुरटलेलं, शेंगा पोचट. गेल्या वर्षी दोन पायली पेरून जेमतेम पाच पायली हाती आले.

आई बी राखायची ते दाणा बघून. टपोरा, न किडलेला, राखेत घोळवून ठेवलेला. पण या रोगाचा विषाणू पांढरी माशी आणते, तिथे टपोरा दाणा काय करणार? शेत पिवळं पडलेलं असतानाही ज्या झाडाच्या शेंगा भरल्या, त्याचं बी आम्ही वेगळं काढायला हवं होतं. शास्त्रज्ञ तेच करतात, फक्त शेकडो झाडांवर, वर्षानुवर्षं, नोंदी ठेवून. तुरीचं बघा ना. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटची 'आशा' तूर १९९३ साली आली, ती मर आणि वांझ अशा दोन्ही रोगांना पुरून उरली.

वालाचं तेवढं कौतुक कोणी केलं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे 'कोकण वाल' १ आणि २ आहेत. पण 'कर्जत-३' भाताचं नाव झोपेतही सांगणारा आमच्याकडचा शेतकरी वालाची जात विचारली की आभाळाकडे बघतो. भावाला बियाण्यासाठी तीन दुकानं पालथी घालावी लागली. २०२३ साली वालाच्या जनुकांचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच वालाला 'अनाथ पीक' म्हटलंय. आता बोला!

तर सुधारित बियाण्याला माझी हरकत उरलेली नाही, पण एक अट आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने 'हेब्बाळ अवरे' हे वाल काढले, दिवस लहान होण्याची वाट न बघता फुलणारे. तिकडे लोकांना शेंगेचा तो तेलकट वास लागतो, 'सोगडु' म्हणतात त्याला. तिथले संशोधक निवड करताना वासही बघतात. मग आमच्या वालाचा कडवटपणा का नाही बघायचा? उत्पन्न क्विंटलमध्ये मोजा, जरूर मोजा. पण मोड आणून, सोलून, गूळ-आमसूल घालून बिरडं करा आणि चाखा. आणि पाणी देऊन नको, भाताच्या उरल्या ओलीवर पिकवून बघा. आमच्या तालुक्यातली भातसा-तानसाची धरणं मुंबईची तहान भागवतात, वालाच्या नशिबी अंगओलच!

माझ्याकडे माळ्यावरच्या डब्यात आईच्या वाणाचे सव्वा शेर वाल निघाले. भाच्याबरोबर पाठवून दिले. भावाने कुरकुर करत बांधाकडेच्या तीन ओळींत टोकले, बाकी शेतात सुधारित. माघात मी मुरबाडला जाणार आहे. दोन्ही वालांचं बिरडं वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवायचं आणि कुठलं कोणतं ते भावाला सांगायचं नाही, असं वहिनीशी ठरलंय. (हे वाचून कोणी त्याला फोन करू नका!)