पासंगापुरती बाई



अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो आणि निवडताना ‘तोल’ बघतो. १९६० मध्ये उत्तरेतल्या केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले ते याच हिशेबाने. मोठ्या पक्षांच्या या तराजूत बाई यायला १९८४ उजाडले.

तेही आपोआप नाही. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ने बजावले होते, की बाईला उमेदवारी दिली नाहीत तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातच लढत देऊ. वॉल्टर मॉन्डेल यांनी न्यूयॉर्कच्या जेराल्डिन फेरारो यांना निवडले. लगेच ओरड झाली, मॉन्डेल बायकांच्या दबावापुढे वाकले! (कामगार संघटनांनी दबाव आणला की ते राजकारण, बायकांनी आणला की हट्ट.) मिसिसिपीच्या वयस्क कृषी आयुक्तांनी फेरारोंना विचारले, ब्लूबेरी मफिन करता येतात का? ‘येतात की, तुम्हाला येतात?’ असा उलट सवाल त्यांनी केला. नवऱ्याच्या धंद्याचे हिशेबही त्यांनाच पत्रकारांपुढे द्यावे लागले. रेगन ५० पैकी ४९ राज्यांत जिंकले, निम्म्याहून अधिक बायकांची मतेही त्यांनाच गेली. जोडीला कोणीही असता तरी मॉन्डेल हरलेच असते, असे आम्हाला वाटते. पण पुढची २४ वर्षे दोन्ही पक्षांना दुसरी बाई सापडली नाही.

२००८ मध्ये रिपब्लिकन मॅककेन यांना सापडली ती सारा पेलिन, गर्भपाताच्या हक्काची कडवी विरोधक. ‘बाई हवी’ म्हणणाऱ्या त्याच संघटनेला आता ‘ही नको’ म्हणत ओबामा-बायडेन यांच्या बाजूने उभे राहावे लागले. बाई हवी या मागणीला कार्यक्रमाची अट घट्ट बांधलेली नसेल, तर ती मागणी कोणीही उचलून आपल्या सोयीने वापरते. आपल्याकडे पॅनेल बांधताना ‘एक बाई घ्या’ म्हणतात, तेव्हा ती कोणत्या प्रश्नांवर बोलणार हे किती जणी विचारतो?

२०२० मध्ये बायडेन यांनी बाईच निवडीन असे आधीच जाहीर केले आणि कमला हॅरिस उपाध्यक्ष झाल्या. सेनेटमध्ये समसमान मते पडली की उपाध्यक्षाचे मत निर्णायक. ते त्यांनी ३३ वेळा दिले. इतक्यांदा आजवर कोणीच दिले नव्हते. २०२४ मध्ये त्या स्वतः अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा जोडीला मिनेसोटाचे गोरे गव्हर्नर टिम वॉल्झ आले. त्यांच्या मनात पहिले नाव पीट बुटिजेज यांचे होते, हे हॅरिस यांनी २०२५ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. कृष्णवर्णीय बाई, तिचा ज्यू नवरा आणि शिवाय समलिंगी जोडीदार. एवढे सगळे मतदारांना एकदम झेपणार नाही, म्हणून त्यांनी ते नाव बाजूला ठेवले.