मास्तरांचा तास किती मिनिटांचा?

शिक्षकाचा पेशा हा जगातला सर्वांत आरामाचा पेशा आहे, याविषयी शिक्षक सोडून बाकी सर्वांचे एकमत आहे. उन्हाळ्याची सुटी, दिवाळीची सुटी, रविवार, सणवार. आणि उरलेल्या दिवशी काय, तर पाच-सहा तास खडू हातात धरून बोलायचे! आमच्या शेजारचे एक निवृत्त अभियंते मला नेहमी म्हणत, "मास्तर, तुम्हाला पगार कशाचा मिळतो हो? दोन सुट्यांच्या मधल्या वेळेचा?" मी हसून सोडून देत असे. दिवाळीच्या दिवसांत मास्तराने वाद घालू नये. त्याची बाजू मुळातच पडती असते.

पण यंदा हा हिशेब एकदा नीट मांडावाच लागला. निमित्त झाली माझी पुतणी. पोरगी लातूरची. इंग्रजी घेऊन एम. ए., बी. एड. झालेली. तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. हे 'तासिका तत्त्व' ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे. वर्ग भरला तर मोबदला, वर्ग बुडाला तर मोबदलाही बुडाला. तर या पोरीला व्हिएतनाममधल्या एका खासगी भाषावर्गात इंग्रजी शिकवण्याची जागा चालून आली. करारपत्र आले. त्यात लिहिले होते, कामाचे तास आठवड्याला चोवीस.

अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आनंद मावेना. ते बँकेत होते. म्हणाले, "चोवीस तास? अरे, आम्ही बँकेत चोवीस तास तीन दिवसांत भरत होतो! बाकीचे चार दिवस हिने हिंडावे, फिरावे, पैसे साठवावेत." वहिनींना मात्र संशय आला. त्या म्हणाल्या, "इतके कमी काम आणि इतका पगार? भावजी, तुम्ही जरा बघा बरे तो कागद." आणि पोरगी एवढेच म्हणाली, "काका, सही करू का?"

मी कागद पाहिला. फसवणूक काहीच नव्हती. फक्त चोवीस हा आकडा वर्गात उभे राहण्याच्या तासांचा होता, आणि तिकडच्या भाषेत त्याला 'संपर्क तास' म्हणतात. वर्गाच्या दाराबाहेर जे करावे लागते त्याचा कागदावर पत्ताच नव्हता.

वाचकहो, इंग्रजीच्या मास्तराला दाराबाहेर काय करावे लागते, ते थोडे सांगतो. मी १९७६ साली नांदेडला नोकरीला लागलो आणि अठरा वर्षांनी लातूरला आलो. नांदेडच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले, उर्दू बोलणारी मुले, देगलूरकडची तेलुगू कानावर पडलेली मुले. लातूरला आलो तर उदगीर-निलंग्याकडची, कानडीची ओळख असलेली. इंग्रजी मात्र कुणाच्याच घरची नाही. गावात दुकानावर नाही, बसथांब्यावर नाही, भांडणात नाही. म्हणजे नांदेडला इंग्रजी शिकवणे हेही एका अर्थी परदेशात इंग्रजी शिकवणेच. फक्त पासपोर्ट लागत नाही.

आता पाहा. आपण म्हणतो, 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पाच रुपये आहेत', 'आमचे शेत आहे'. मराठीत तीन तऱ्हा झाल्या. इंग्रज मात्र तिन्ही ठिकाणी एकच 'हॅव' वापरून मोकळा होतो. मराठीत असे क्रियापदच नाही. मग मुलगा 'मला' याचे 'टू मी' करतो आणि सगळे वाक्य उलटेसुलटे होऊन बसते. तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून एक पिढी या दलदलीतून वर आली, पण वर्गातल्या साठ मुलांना एकाच दिवशी वर काढायचे तर वाक्ये कोणती द्यावीत, आधी कोणते, मग कोणते, फळ्याच्या कोणत्या बाजूला काय लिहावे, हे आदल्या रात्री ठरवावे लागते. वर्गात सुचेल म्हणून गेलेल्या मास्तराला वर्गात फक्त घाम सुटतो.

एकदा धड्यात 'स्नो' आले. मराठीत स्नो म्हणजे बर्फ आणि आइस म्हणजेही बर्फ. नांदेडच्या पोराने आकाशातून बर्फ पडताना कधी पाहावा? मी संध्याकाळभर विचार करीत हिंडत होतो. वजिराबादेत बर्फाच्या गोळ्याची एक गाडी दिसली आणि कोडे सुटले. दुसऱ्या दिवशी डब्यातून बर्फाची लादी आणि किसलेला बर्फ असे दोन्ही वर्गात नेले. ही लादी म्हणजे आइस. हा भुगा आकाशातून पडतो असे समजा, म्हणजे झाले स्नो. काम एका मिनिटाचे. शोधायला मात्र संध्याकाळ गेली. ती संध्याकाळ कोणत्या वेळापत्रकात लिहायची?

शाळेत टाचण वही असते म्हणा. लाल-निळ्या शाईने सजवलेली, हेतू, साहित्य, प्रस्तावना, सगळे रकाने भरलेले. तपासणीसाठी ती फार उपयोगी पडते. पण खरे टाचण मास्तराच्या डोक्यात आणि जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर असते. आमच्या घरी असे लिफाफे गादीखाली, पंचांगात, क्वचित गव्हाच्या डब्यातही सापडत. सौभाग्यवती म्हणत, "अहो, शाळा सुटली तरी तुमची काही शाळा सुटत नाही!"

ही तयारी वाया जात नाही, याचे एक उदाहरण बहुतेक तुमच्याच कपाटात असेल. ऑक्सफर्डचा तो जाडजूड, विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश. तो करणारा हॉर्नबी हा इंग्रज, १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेला. परक्या मुलांना कोणते क्रियापद कशासंगे येते, कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, हे सांगणारा कोश हवा, म्हणून त्याने दोन सहकाऱ्यांसह तो रचला. १९४२ साली तो टोकियोत छापला गेला, १९४८ साली ऑक्सफर्डने काढला, आणि पुढे आपल्या मराठी घरांतून मुलामुलींच्या टेबलावर येऊन बसला. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तराच्या वर्गाबाहेरच्या कामाचे हे फळ!

केंब्रिजचे 'सेल्टा' नावाचे एक प्रमाणपत्र आहे. परक्या देशी इंग्रजी शिकवू पाहणारे ते घेतात. अभ्यासक्रम किमान १२० तासांचा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवायचे तास किती? सहा. बाकीचे सगळे समजून घेण्याचे, पाहण्याचे आणि त्या सहा तासांची तयारी करण्याचे.

आणि जपानच्या शाळांतला खुद्द जपानी मास्तर? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत तिथला कनिष्ठ माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करताना आढळला. त्यात प्रत्यक्ष शिकवणे १८ तास. अण्णांच्या हिशेबाने तो आठवड्यातून दोन-सव्वादोन दिवसच काम करतो!

आपला कायदाही याला अगदीच अनोळखी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे कामाचे तास आठवड्याला किमान ४५ दिले आहेत, आणि ते 'तयारीच्या तासांसह' असे स्पष्ट म्हटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा, आणि सहायक प्राध्यापकाने वर्गात शिकवायचे तास १६. म्हणजे उरलेले २४ तास हे कामाचे आहेत, हे दिल्लीला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्या आळीत. आणि तासिका तत्त्वावरची पोरे तर या हिशेबाच्या बाहेरच राहतात. त्यांची तयारी फुकट, वह्या तपासणे फुकट. पोटासाठी सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या ठिकाणी तास घ्यायचे. मग तयारी करायची ती धावत्या बसमध्ये.

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव १९९४ साली दिले गेले, ते स्वामी रामानंद तीर्थ तरुणपणी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करीत होते. पुढे तेच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. हे जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, आणि आठ तासांच्या दिवसाचा ठराव तिथलाच. मला नेहमी वाटते, गिरणीचा तास भोंगा सांगतो. तो मोजून मागता येतो. मास्तराच्या कामाला भोंगा नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही, आणि मोजले नाही की ते नाहीच असे ठरते.

लातूरला तर तासांचे वेड फार. 'आमच्या मुलाचे रोज दहा तास वर्ग चालतात,' असे बाहेरगावचे पालक अभिमानाने सांगतात. 'लातूर पॅटर्न' गाजला, त्यात वारंवार घेतलेल्या चाचण्यांचा मोठा वाटा. पण चाचणी म्हणजे काय? कुणीतरी प्रश्न काढायचे, उत्तरे तपासायची, पोरगे कुठे अडते ते शोधायचे. हे वर्गाबाहेरचेच काम की! ते करायला वेळ न देता नुसते वर्गाचे तास वाढवले, तर मुलगा आणि मास्तर दोघेही दमतात, बाकी काही होत नाही.

तर मी पुतणीला म्हटले, "सहीची घाई नको. आधी त्यांना चार प्रश्न विचार. चोवीस तासांत वेगवेगळे धडे किती? एकच धडा चार तुकड्यांना शिकवणे निराळे आणि चार इयत्तांचे चार धडे निराळे. दुसरे, धड्यांचे आराखडे वर्ग देणार की तू करायचे? तिसरे, वह्या किती? आणि चौथे, हे तास कोणत्या वेळी? अशा वर्गांना गर्दी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असते. सकाळी एक तास नि रात्री दोन, तर मधला दिवस तुझा राहतो का?"

मग आम्ही दोघांनी अण्णांसमोर बसून आकडेमोड केली. शिकवणे २४ तास. दर तासामागे अर्धा तास तयारी धरली तर १२. एकशेवीस वह्या, प्रत्येकीला तीन मिनिटे, म्हणजे ६. बैठका आणि कागदपत्रांचे ३. बेरीज ४५. अण्णांनी बेरीज पुन्हा तपासली, बँकेतली सवय. मग म्हणाले, "म्हणजे तुझे आयुष्यभर असेच चालले होते की काय रे?" मी म्हटले, "हो. फक्त तुम्ही यायचात तेव्हा मी घरी बसलेला दिसायचो."

पोरीने पत्र पाठवले. आठवड्याने उत्तर आले. तयारीचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, पण धड्यांचे आराखडे वर्ग देईल, आणि चार पातळ्यांऐवजी दोनच पातळ्या तिच्याकडे राहतील. सोमवार पूर्ण सुटी. एवढे तिने करारपत्रात लिहून घेतले आणि मग सही केली. जानेवारीत जाणार आहे. इकडे तिच्या तासांवर दुसरी कुणी मुलगी येईल, त्याच तत्त्वावर. ती बसमध्ये तयारी करील, आणि तिच्यासमोर बसलेल्या पोरांचे इंग्रजी कच्चे का राहिले, याची चर्चा आपण पुढच्या दिवाळीला करू. एका पोरीला विचारून घेता आले. दुसरीला विचारायची सोय नाही, हे मनाला लागून राहते.

वाचकहो, तुमच्याही घरात सून, मुलगी, जावई कुणीतरी शिकवत असेल. या दिवाळीत फराळाची ताटे आवरल्यावर ती कोपऱ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेली दिसली, तर 'आज तर सुटी आहे ना?' असे विचारू नका. ती कामावर आहे. एक कप चहा नेऊन ठेवा, आणि जाताना दार हळूच लोटून घ्या.